बिनभाड्याची वाहतूक

खेड तालुक्यातले महाळुंगे. पुणे जिल्ह्यात महाळुंगे एकच नाही. बालेवाडीच्या क्रीडासंकुलालगतचे वेगळे, हे चाकणचे. बजाजच्या दुचाकींचा ‘चाकण कारखाना’ म्हणतात तो याच शिवारात, आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग, रंगकाम, प्लेटिंग, पॅकिंग, गोदामे यांची दाटी. इथे कुठलीही वस्तू जागची हलवायची म्हटली की डिझेल लागते, चलन लागते, ई-वे बिल लागते, वजनकाटा लागतो. तळेगाव–चाकण रस्त्यावरची कोंडी तर पाचवीलाच पुजलेली. त्या कोंडीत स्टेअरिंगवर हात ठेवून ताटकळणाऱ्या ड्रायव्हरच्या शरीरात मात्र त्याच वेळी अफाट मालवाहतूक चालू असते, आणि तिला भाडे पडत नाही. प्राणवायू फुप्फुसातून रक्तात उतरतो, कार्बन डायऑक्साइड उलट दिशेने निघतो, साखर रक्तातून स्नायूत शिरते, पाणी तर अखंड इकडून तिकडे ये-जा करत असते. पेशीच्या आवरणातून होणाऱ्या या ये-जेसाठी पेशी ऊर्जा खर्च करत नाही, म्हणून पाठ्यपुस्तके हिला निष्क्रिय वहन म्हणतात. जगात फुकट काही मिळते यावर आपला सहसा विश्वास नसतो. तो संशय या बाबतीतही पुढे खरा ठरणार आहे. पण आधी माल आत शिरतो कसा ते पाहू.

रंगकामाच्या छोट्या शेडमध्ये पाळी संपताना हमखास दिसणारे एक दृश्य आहे. कामगार पोरगा चिंधी थिनरच्या डब्यात बुडवतो, पिळतो आणि बोटांच्या पेरांवरून, नखांच्या कडांतून फिरवतो. साबणाने कितीही घासून न निघणारा रंग मिनिटात उतरतो. हात आधी गार पडतात, मग वाळतात. कातडीवरच्या बारीक रेषा पांढऱ्याफटक उठून दिसू लागतात. काही महिन्यांनी पेरांवर भेगा पडतात. विचारले तर उत्तर ठरलेले : ‘थिनरनं कातडी सुकते, बाकी काय होत नाय.’

होते. थिनरमधले टोल्युइन, झायलीन यांसारखे पदार्थ कातडीतून आत उतरतात, आणि वाफ होऊन श्वासावाटे तर त्याहून जास्त. आत गेलेल्या टोल्युइनचे यकृतात हिप्युरिक आम्ल होते, झायलीनचे मिथाइल हिप्युरिक आम्ल, आणि दोन्ही लघवीवाटे बाहेर पडतात. थिनरशी रोजचा संबंध असलेल्या माणसाच्या लघवीत ही खूण शोधता येते. (सोडियम बेंझोएट घातलेले शीतपेय प्यायल्यावरही हिप्युरिक आम्ल वाढते. त्यामुळे आदल्या दिवशी काय काय प्यालात, हे डॉक्टरांनी विचारले तर तो प्रश्न अगदी वाजवी आहे.)

आता हाच हात तासभर मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवा. बोटे सुरकुततील, पण मीठ म्हणण्यासारखे आत जाणार नाही. सोडियमचा आयन टोल्युइनच्या रेणूपेक्षा कितीतरी लहान. लहान बाहेर अडतो आणि मोठा बिनदिक्कत आत जातो, म्हणजे प्रश्न आकाराचा नाही, निदान नुसता आकाराचा नाही.

हे कोडे सव्वाशे वर्षांपूर्वी अर्न्स्ट ओव्हर्टन नावाच्या शास्त्रज्ञाने झुरिकमध्ये सोडवत आणले. वनस्पतींच्या पेशी आणि बेडकाची पिल्ले घेऊन त्याने शेकडो पदार्थ तपासले : कोणता पदार्थ पेशीत किती लवकर शिरतो. निष्कर्ष साधा निघाला. जो पदार्थ तेलात जितका चांगला विरघळतो, तितका तो झपाट्याने आत जातो. याचा अर्थ पेशीचे आवरण स्वतःच तेलकट असले पाहिजे. १९२५ मध्ये हॉलंडच्या गोर्टर आणि ग्रेंडेल या जोडीने तांबड्या रक्तपेशींतला मेद काढून पाण्यावर पसरवला आणि मोजला, तर तो पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट क्षेत्रावर पसरला. म्हणजे मेदाचे थर दोन. त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या : मेद पुरता निघाला नव्हता आणि पेशीचे क्षेत्रफळही त्यांनी कमी धरले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडले आणि उत्तर बरोबर आले. विज्ञानाच्या इतिहासात असे नशीबवान लोक असतात.

या दोन थरांतल्या प्रत्येक रेणूला पाण्याची ओढ असलेले एक डोके आणि पाण्याचा तिटकारा असलेल्या दोन शेपट्या. डोकी आतबाहेरच्या पाण्याकडे, शेपट्या एकमेकींकडे. या दुहेरी आवरणाची, म्हणजे पटलाची, सगळी जाडी ५ नॅनोमीटरच्या आसपास. अशी दोन लाख पटले एकावर एक रचली तर जेमतेम १ मिलिमीटर भरेल. पण त्या पातळ तेलकट पट्ट्यात शिरायचे तर अंगावर विद्युतभार असून चालत नाही. सोडियमच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू घट्ट चिकटलेले असतात. त्यांना सोडून तेलात उडी घेणे त्याला परवडत नाही. पाण्याच्या तुलनेत सोडियमला हे पटल अब्जावधी पटींनी अवघड जाते. टोल्युइनला अंगावर भार नाही, तेलात तो मजेत विरघळतो. प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड, मद्यार्क, भूल देण्याची अनेक औषधे हे सारे याच वाटेने जातात. रंगाच्या बूथमध्ये मास्क न लावता काम केल्यावर डोके जड होते, गरगरते, त्याचे कारणही हेच. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा बऱ्याच औषधांना अडवतो, पण तेलकट द्रावकाला अडवायला त्याच्याकडे काही साधन नाही. कातडी पांढरी पडते ती वेगळ्या पण सख्ख्या कारणाने : थिनर वरच्या थरातला मेदच धुऊन नेतो. म्हणजे दार उघडून आत शिरणारा जाता जाता चौकटही काढून नेतो.

आत शिरणे जमले, तरी दिशा कोण ठरवते? कोणीच नाही. द्रावणातला प्रत्येक रेणू आजूबाजूच्या रेणूंचे धक्के खात आंधळेपणाने भटकत असतो. त्याला आत जायचे नसते की बाहेर. पटलाच्या एका अंगाला हजार रेणू आणि दुसऱ्या अंगाला दहा असतील, तर भटकता भटकता इकडून तिकडे जाणारे जास्त आणि तिकडून इकडे येणारे कमी, एवढेच. हिशेबाअंती ओघ जास्तीकडून कमीकडे जातो. याला विसरण म्हणतात आणि दोन बाजूंमधल्या फरकाला संहतीचा उतार. दोन्हीकडे सारखी संख्या झाली की ओघ थांबतो, भटकणे थांबत नाही. जाणारे आणि येणारे सारखे होतात, बस्स. ‘रेणूला समतोल साधायचा असतो’ अशी वाक्ये शिकवण्यांच्या वह्यांत सर्रास असतात, आणि ती पुसून टाकावीत असे मला नेहमी वाटते. रेणूला काही साधायचे नसते.

आंधळ्या भटकण्याची एक अडचण आहे : अंतर वाढले की ते कोलमडते. प्राणवायूचा रेणू पाण्यात १० मायक्रोमीटर, म्हणजे साधारण एका पेशीचे अंतर, सेकंदाच्या चाळिसाव्या भागात कापतो. १ मिलिमीटरला त्याला चार मिनिटे लागतात. १ मीटरला सुमारे आठ वर्षे. अंतर दहापट झाले की वेळ शंभरपट होतो. म्हणूनच जंतूला हृदय लागत नाही आणि आपल्याला लागते. रक्ताभिसरण प्राणवायूला पेशीच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडते आणि शेवटचे काही मायक्रोमीटर विसरणावर सोपवते. फुप्फुसात हीच युक्ती कमालीला नेली आहे. हवा आणि रक्त यांच्यामध्ये जेमतेम अर्ध्या मायक्रोमीटरचा पडदा, आणि त्याचे एकूण क्षेत्रफळ ७० चौरस मीटरच्या घरात. केशवाहिनीतून रक्त पाऊण सेकंदात पुढे सरकते. प्राणवायूची देवघेव त्यातल्या पहिल्या एक-तृतीयांश वेळातच आटोपते. उरलेला वेळ राखीव. फाउंड्रीतल्या किंवा ग्राइंडिंगच्या धुळीने वर्षानुवर्षे हा पडदा जाड होत गेला, तर आधी ही राखीव रक्कम संपते. म्हणून दम सुरुवातीला बसल्याजागी लागत नाही, जिना चढताना लागतो.

तेलात न विरघळणाऱ्यांचे काय? साखर आणि मीठ यांच्यावाचून पेशी जगत नाही, आणि पाण्याला पटल थोडेफार झिरपू देत असले तरी किडनीच्या किंवा तांबड्या पेशीच्या गरजेला ते झिरपणे अपुरे पडते. त्यांच्यासाठी पटलात प्रथिनांची दारे बसवलेली असतात. उतार तोच, ऊर्जेचा खर्च शून्यच. फक्त वाट आखलेली.

पाण्याचे दार सापडले ते अपघाताने. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर अ‍ॅग्रे रक्तगटाच्या आर-एच प्रथिनावर काम करत होते. नमुन्यात एक छोटे आगंतुक प्रथिन पुनःपुन्हा यायचे. आधी त्यांना तो कचरा वाटला, मग इतका मुबलक कचरा कसा असेल असा प्रश्न पडला. १९९२ मध्ये त्यांच्या चमूने बेडकाच्या अंड्यात या प्रथिनाचा संदेश देणारा आरएनए टोचला. बेडकाची अंडी तळ्याच्या गोड्या पाण्यात पडून असतात आणि फुगत नाहीत. त्यांचे पटल पाण्याला फारसे दाद देत नाही. टोचलेली अंडी मात्र गोड्या पाण्यात टाकताच फुगू लागली आणि काही मिनिटांत फुटली. शेजारची न टोचलेली तशीच राहिली. पाण्याच्या त्या दाराचे नाव अ‍ॅक्वापोरिन. एका दारातून सेकंदाला सुमारे ३०० कोटी पाण्याचे रेणू एकामागोमाग एक निघून जातात, आणि हायड्रोजनचा भारित आयन मात्र त्यातून सुटू शकत नाही. २००३ चे रसायनशास्त्राचे नोबेल अ‍ॅग्रे यांना मिळाले. आयनांच्या दारांची रचना उलगडणारे रॉडरिक मॅकिनन त्यांचे सहमानकरी.

साखरेची दारे वेगळ्या घाटाची. ती सताड उघडी नसतात. साखरेचा रेणू एका अंगाने धरतात, स्वतः वळतात आणि दुसऱ्या अंगाला सोडतात. त्यामुळे त्यांच्या वेगाला मर्यादा आहे. पाळी सुटल्यावर कंपनीच्या गेटवर जे होते तेच इथे : आत माणसे कितीही वाढली तरी पंचिंगच्या चार फाटकांतून मिनिटाला ठरावीकच बाहेर पडतात. रक्तात साखर दुप्पट झाली म्हणून पेशीत दुप्पट जात नाही; फाटके भरली की भरली. स्नायू आणि चरबीच्या पेशींत तर ही फाटके एरवी आत गुंडाळून ठेवलेली असतात. इन्सुलिनचा निरोप आला की ती पृष्ठभागावर येऊन बसतात. मधुमेहाच्या नेहमीच्या, दुसऱ्या प्रकारात निरोप येतो पण फाटके पुरेशी वर येत नाहीत, आणि साखर बाहेर तुंबते. दिलासा इतकाच, की काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता हीच फाटके वर आणतो. रात्रपाळीला बसून काम असेल तर जेवणानंतर शॉपफ्लोअरला एक फेरी मारून यावे, या सल्ल्यामागे एवढे जीवरसायन आहे.

पाण्याची गोष्ट मात्र चाकणच्या कांद्याशिवाय पुरी होत नाही. मोटारी येण्याच्या कितीतरी आधी चाकणची ओळख दोनच गोष्टींनी होती : फिरंगोजी नरसाळ्यांनी १६६० मध्ये शाइस्ताखानाविरुद्ध लढवलेला संग्रामदुर्ग आणि कांदा-बटाट्याचा बाजार. महात्मा फुले मार्केट यार्डात आजही गोण्यांच्या थप्प्या लागतात. त्यातला एक लाल कांदा घ्या. उभा चिरून एक जाड पाकळी सुटी करा आणि तिच्या फुगीर, बाहेरच्या बाजूने नखाने जांभळा पापुद्रा ओढा. आतल्या बाजूचा पापुद्रा सोपा निघतो, पण तो रंगहीन असतो. शाळेत तोच देतात आणि मग मुलांना काही दिसत नाही. जांभळा पापुद्रा पाण्याच्या थेंबात काचपट्टीवर ठेवा. सूक्ष्मदर्शकाखाली लांबट पेशी ओळीने दिसतात, प्रत्येक पेशी कडेपर्यंत जांभळ्या रसाने भरलेली.

आता काचेच्या एका कडेला मिठाच्या पाच टक्के द्रावणाचा थेंब सोडा आणि दुसऱ्या कडेला टिपकागद टेकवा, म्हणजे मिठाचे पाणी पापुद्र्यावरून ओढले जाईल. थोड्याच वेळात पेशीच्या कोपऱ्यांत जांभळा रंग भिंत सोडतो. मग कडा सुटतात, आणि पाहता पाहता रसाचा गोळा आकसून मध्ये येतो. भोवती रिकामी चौकट उरते. गोळ्याचा रंग आधीपेक्षा गडद, कारण रंगद्रव्य तेवढेच आहे आणि पाणी गेले आहे. मीठ आत जाऊ शकत नाही, पाणी बाहेर येऊ शकते. बाहेर मीठ जास्त म्हणजे मोकळे पाणी कमी, तेव्हा पाण्याचा ओघ बाहेर. हेच परासरण, आणि पेशीच्या या अवस्थेला रससंकोच म्हणतात. लगेच साधे पाणी सोडले तर गोळा फुगून पुन्हा भिंतींना भिडतो. फार उशीर केला तर भिडत नाही. पटल फाटलेले असते. कोशिंबिरीत मीठ अगदी वाढायच्या वेळी घालतात ते मीठ असे पाणी बाहेर ओढते म्हणूनच.

याच कांद्यात पटलाची दुसरी बाजूही दिसते, न जाऊ देण्याची. कांदा चिरताना डोळ्यांत जाणारा वायू अख्ख्या कांद्यात नसतो. त्याचा कच्चा माल पेशीच्या द्रवात असतो आणि तो फोडणारे विकर रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीत, आणि दोहोंमध्ये एक पटल. सुरीने पटल फाटले की दोन्ही भेटतात. तयार होणारा रेणू लहान, बिनभाराचा, चटकन उडणारा. डोळ्याच्या ओलाव्यात उतरायला त्याला दार लागत नाही.

कांद्याच्या पेशीला साध्या पाण्यात फुटण्याची भीती नाही, कारण पटलाबाहेर भक्कम भित्तिका आहे. आपल्या तांबड्या पेशीला भित्तिका नाही. ती साध्या पाण्यात टाकली तर काही क्षणांत फुटते. शिरेतून द्यायचे सलाईन ०.९ टक्केच मिठाचे का, याचे उत्तर यात आहे : तेवढ्या मिठाला आत आणि बाहेर पाण्याचा हिशेब मिटतो.

जंतूची अवस्था दोहोंच्या मधली. त्याच्या आत इतका माल कोंबलेला असतो की पाणी सतत आत घुसू पाहते. स्टॅफिलोकोकससारख्या जंतूच्या आतला दाब वीस वातावरणांच्या आसपास जातो. भित्तिका आहे म्हणून तो टिकतो. महाळुंगेहून खाली पिंपरीला या, तिथे जुन्या पुणे–मुंबई रस्त्याला लागून हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आहे, गावच्या भाषेत ‘एचए कंपनी’. १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने तो उभा राहिला. सरकारी मालकीचा देशातला हा पहिला औषध कारखाना. १९५५ पासून तिथे पेनिसिलिन बनू लागले. पिंपरी-चिंचवडची उद्योगनगरी झाली ती मोटारींनी, असे सगळे सांगतात. तिच्या पहिल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक बुरशी वाढवण्याचा होता हे सहसा कोणी सांगत नाही.

पेनिसिलिन जंतूला मारते कसे, हे त्याच सुमारास स्पष्ट होत होते. जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५६ मध्ये दाखवले, की साखरेच्या दाट द्रावणात ठेवलेल्या जंतूंना पेनिसिलिन दिले तर ते मरत नाहीत. भित्तिका गमावतात, गोल गरगरीत होतात आणि जिवंत राहतात. तेच गोळे साध्या माध्यमात टाकले की पाणी आत घुसते आणि ते फुटतात. औषध भित्तिकेचे बांधकाम तेवढे बंद पाडते. मारण्याचे काम पाणी करते, आणि तेही फुकट.

आता तो सुरुवातीचा संशय. विसरण फुकट असते ते उतार आहे तोवर. उतार कोणी केला? आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त असते, बाहेर नेमके उलटे. पटल थोडे थोडे गळत असल्यामुळे हा फरक आपोआप मिटायला हवा. तो मिटत नाही, कारण पटलातला एक पंप तीन सोडियम बाहेर टाकून दोन पोटॅशियम आत घेतो आणि प्रत्येक फेरीला एटीपी या पेशीच्या इंधनाचा एक रेणू जाळतो. डेन्मार्कचे येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या मज्जातंतूंत तो शोधला. नोबेल मिळायला १९९७ उजाडले. स्वस्थ पडलेल्या माणसाच्या ऊर्जेचा पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक या एकट्या पंपावर जातो. म्हणजे भाडे नाही हे खरे, पण रस्ता उताराचा ठेवण्यासाठी रात्रंदिवस भराव टाकणारे कोणीतरी आहे आणि त्याचे बिल मोठे आहे.

हा भराव किती कामाचा आहे ते जुलाब लागल्यावर कळते. जलसंजीवनीच्या पुडीत मीठ आणि ग्लुकोज एकत्र का असतात? आतड्याच्या पेशीत सोडियम कमी असते, पंपाची कृपा. त्या उतारावर सोडियम आत घसरताना एक खास प्रथिन त्याच्या जोडीने ग्लुकोजही आत खेचते, आणि दोघे आत गेले की मागोमाग पाणी परासरणाने जाते. पटकीने बिघडलेल्या आतड्यातही ही वाट शाबूत राहते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी सलाईन संपल्यावर हेच मिश्रण पाजून हजारो जीव वाचवले. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये पुडीचे सूत्र बदलून ते आणखी पातळ केले : एकूण कणसंख्या लिटरला ३११ वरून २४५ मिलिऑस्मोलवर. रक्ताची असते २९० च्या आसपास. पातळ द्रावणातून पाणी रक्ताकडे अधिक सहज ओढले जाते. भट्टीजवळ काम करणाऱ्याने घामाघूम झाल्यावर पुडी दाट कालवली म्हणून जास्त ताकद येत नाही. दाट द्रावण उलट आतड्यातच पाणी ओढून घेते. एक पुडी, एक लिटर पाणी, यात हातचे काही राखायचे नाही.

परासरणाशी उलटी लढाई पाहायची असेल तर कामगारांच्या खोल्यांजवळ २० लिटरचे जार भरून देणाऱ्या कुठल्याही गाळ्यात डोकवावे. आरओ यंत्राचा पंप घरघरत असतो. क्षार जास्त तिकडे पाणी जाणार, हा त्याचा स्वभाव. यंत्र दाब लावून त्याला उलटे, क्षारांकडून गोड्या बाजूला ढकलते. समुद्राच्या पाण्याचा परासरण दाब सुमारे २७ वातावरणांचा असतो, आणि त्यातून गोडे पाणी काढायला त्याच्या दुप्पट-अडीचपट दाब द्यावा लागतो. या कामाला व्यवहारात उपयोगी पडेल असा पडदा १९६० च्या आगेमागे कॅलिफोर्नियात सिडनी लोब आणि भारतीय वंशाचे श्रीनिवास सौरिराजन यांनी बनवला. घरघर ऐकू येते आहे तोवर समजावे, की उताराविरुद्ध पाणी चढवण्याचे वीजबिल कोणीतरी भरते आहे.

आणि उतारच कोणी मोडून काढला तर? पुन्हा पिंपरीला, त्याच पेनिसिलिनच्या कारखान्यात. तिथल्या संशोधन विभागात डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी मातीतल्या सूक्ष्मजीवांचे नमुने धुंडाळत होते. त्यातल्या एका स्ट्रेप्टोमायसिस जातीला त्यांनी पिंपरीवरून ‘पिंप्रिना’ हे नाव दिले. तिच्यापासून मिळालेले बुरशीनाशक १९६१ मध्ये जाहीर झाले : हमायसिन. त्याचा रेणू मोठा आणि वळ्याच्या आकाराचा. एका अंगाला ओळीने सात दुहेरी बंध असलेली तेलकट पट्टी, दुसऱ्या अंगाला पाण्याची ओढ असलेले गट.

बुरशीच्या पटलात एर्गोस्टेरॉल नावाचा मेद असतो. या घराण्यातली औषधे त्याच्याशी जोडी जमवतात. तेलकट अंग पटलाकडे आणि जलप्रिय अंग आतल्या पोकळीकडे करून काही रेणू कोंडाळे करतात, आणि पटलाला आरपार छिद्र पडते. त्या छिद्रातून बुरशीचे पोटॅशियम उतारावरून बाहेर गळते. पंपाने रात्रंदिवस जमवलेले सारे बिनभाड्याने निघून जाते. याच घराण्यातल्या अ‍ॅम्फोटेरिसिन-बी या औषधाबद्दल अलीकडच्या संशोधनात आणखी एक बाजू पुढे आली आहे : छिद्र पाडण्यापेक्षाही ते पटलाबाहेर गोळा होऊन एर्गोस्टेरॉल शोषून घेते, आणि मारक ठरते ते जास्त करून हे. दोन्ही मार्गांनी पटल पटल राहत नाही.

आपल्या पेशींत एर्गोस्टेरॉल नाही, कोलेस्टेरॉल आहे. दोन्ही एकमेकांचे जवळचे नातलग, आणि औषधाला त्यांतला फरक पुरता कळत नाही. म्हणून हे घराणे शिरेतून द्यायचे तर जपून द्यावे लागते. अ‍ॅम्फोटेरिसिनचा मूत्रपिंडावर होणारा मारा डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. तोंडाने द्यावे तर अ‍ॅम्फोटेरिसिन आतड्यातून जवळजवळ शोषलेच जात नाही. बुरशीच्या पटलाची चाळण करणाऱ्या या रेणूला आतड्याचे अखंड पटल ओलांडता येत नाही. थिनरला जे एका पुसण्यात जमते ते त्याला जमत नाही : रेणू फार मोठा, अर्धा तेलकट, अर्धा पाणपिता. हमायसिन वापरात राहिले ते मुख्यतः तिथल्या तिथे लावायचे औषध म्हणून. तान्ह्या बाळाच्या जिभेवर बुरशीचा पांढरा थर आला की त्यावर थेंब सोडायचे, आणि ते जिथे पडतील तिथेच काम करतात.